जखमेची मजुरी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात. गोळ्यांनी जंतू मरतात, पण निकामी झालेली नस बहुधा परत जागी होत नाही. तळपाय बधिर झाला की काटा रुतलेला कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि दाब पडेल तिथे पडलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

अशा जखमांसाठी आता पुनर्जनन वैद्यक पुढे आले आहे. नाव भारदस्त असले तरी त्यातला एक उपचार फार साधा आहे. रुग्णाचेच सुमारे दहा मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि त्यात काहीही न मिसळता ते लगेच सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांनी दहा मिनिटे फिरवायचे. लाल पेशी तळाशी बसतात आणि मधे खरवसासारखा फायब्रिनचा गोळा धरतो. त्यात अडकलेल्या प्लेटलेट वाढीचे घटक सोडतात. त्यांच्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नव्या पेशी जमतात. गोळा दाबून केलेला पापुद्रा स्वच्छ जखमेवर ठेवायचा, आठवड्याने बदलायचा. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कुष्ठरोगाच्या जखमांवर याचे चांगले निकाल नोंदवले आहेत. ग्रामीण रुग्णालयालाही हे जमण्यासारखे आहे. स्वस्त म्हणजे कमअस्सल नव्हे, हे मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचे पान वापरून दाखवलेच आहे.

तरीही पापुद्रा एकटा पुरत नाही. वेल्लोरला १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की कुष्ठरुग्णाचे मांस मुळात सडके नसते. प्लास्टर घालून पायाला विश्रांती दिली तर तीच जखम भरते. म्हणजे शरीराची भरून येण्याची ताकद शाबूत असते, तिला सवड मिळत नाही. भातलावणीत चिखलात उभ्या असलेल्या बाईला, वीटभट्टीवरच्या जोडप्याला किंवा रोज वापी-उंबरगावला कामावर जाणाऱ्याला महिनाभर पाय वर घेऊन बसा असे सांगणे सोपे आहे. त्या महिन्यात चूल कशी पेटणार, हे केसपेपरावर कोणी लिहीत नाही.

कुष्ठरुग्णाचे वाकडे बोट सरळ करण्याची शस्त्रक्रिया होते, तेव्हा बुडालेल्या मजुरीपोटी सरकार पैसे देते. हाच न्याय तळपायाच्या जखमेलाही लावावा. सेंट्रिफ्यूज जरूर आणावा. पण त्याच खर्चाच्या तक्त्यात तळपायावरचा दाब कमी करणाऱ्या मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलेची आणि विश्रांतीच्या दिवसांच्या मजुरीची तरतूद नसेल, तर तो उपचार अर्धाच आहे.