मूर्तिभेद आणि अनंत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगाव तालुक्यात अजिंठ्याची बौद्ध लेणी आहेत, आणि त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याचे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. मोजता येणारे मोठेपण आणि अनंतत्व यांचे नाते काय, हा प्रश्न बौद्ध आणि वैदिक या दोन्ही परंपरांच्या ग्रंथांतून उभा राहतो.

भास्कराचार्यांच्या इसवी सन ११५० च्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात ‘अंकपाश’ म्हणजे वस्तूंच्या मांडणीचे प्रकार मोजण्याचे गणित आहे. पाश, अंकुश, सर्प, डमरू इत्यादी दहा आयुधे दशभुज शंभूच्या हातांत अदलाबदल करून दिली, तर किती मूर्तिभेद होतील, आणि शंख, चक्र, गदा, पद्म धारण करणाऱ्या हरीचे किती होतील, असे ते विचारतात. पहिल्या हातासाठी दहा पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले नऊ, या क्रमाने गुणाकार करीत गेले, की शंभूचे ३६,२८,८०० आणि हरीचे २४ भेद मिळतात.

सहा आठवड्यांत ३६,२८,८०० सेकंद असल्यामुळे, दर सेकंदाला एक मूर्ती पाहणाऱ्याचे दर्शन बेचाळीस दिवसांत पुरे होईल.

विष्णूच्या चोवीस भेदांना परंपरेने केशव, नारायण, माधव अशी नावे दिली, आणि संध्येत ती आजही उच्चारली जातात. तरीही उपासक चोवीस देव मानत नाही, कारण बदलतो तो आयुधांचा क्रम, धारण करणारा नव्हे. म्हणून मूर्तिभेदांची संख्या कितीही वाढली, तरी ती रूपांची गणना असते, स्वरूपाची नव्हे.

‘ललितविस्तर’ या बुद्धचरित्रात सिद्धार्थ कोटीपासून शंभराच्या पटीने चढत ‘तल्लक्षण’ या संख्येपर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्यांपर्यंत, जातो. परंतु तल्लक्षणातही एक मिळवता येतो आणि ते बदलते, म्हणून अनंतापासून ते चोविसाइतकेच दूर राहते. याउलट, ज्या राशीचा छेद शून्य आहे, तिला भास्कराचार्य ‘बीजगणित’ ग्रंथात ‘खहर’ म्हणतात. तिच्यात काही मिळवले वा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, जसा प्रलयात भूतमात्र सामावूनही आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडूनही अच्युत अविकारी राहतो. अनंत ही मोठ्या संख्यांच्या शिडीची शेवटची पायरी नाही, ते अविकारित्व आहे. आणि चोविसांपैकी एका नावाने पूजा करणाऱ्यालाही पूर्णाचीच पूजा घडते, ती याच कारणाने.