दोष कोणाचा?

आमच्या भाषेत ‘दोष’ हा एक शब्द आहे, आणि त्याने कित्येक मातांचे अंतःकरण विनाकारण विदीर्ण केले आहे. वस्तूत काही उणे असले तरी दोष, आणि मनुष्याने अपराध केला तरी दोषच. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावची एखादी माता आपले तान्हे घेऊन रुग्णालयात गेली, आणि बाळाच्या हृदयात जन्मजात दोष आहे असे डॉक्टरांनी तिला सांगितले. डॉक्टर हृदयाच्या पडद्यातील छिद्राविषयी बोलत असतात; ती स्वतःविषयीचा निकाल ऐकत असते. घरी आल्यावर सासू व शेजारणी तो निकाल कायम करितात: ग्रहणात हिने विळी हाती धरली असेल, नको तेथे पाऊल टाकले असेल. आईवर दोष ठरला नाही, तर कोठे कोठे तो पलीकडच्या घरच्या निराधार म्हातारीवर जातो, आणि तिला डाकीण म्हणतात. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांच्या मनात जो प्रश्न प्रथम उभा राहिला, तोच हा. शिकलेली माणसेही त्यातून सुटलेली नाहीत. ती ग्रहणाऐवजी आईच्या खाण्यापिण्याचे नाव घेतात, इतकेच.

आता वस्तुस्थिती पाहा. गर्भाचे हृदय तिसऱ्या आठवड्यापासून घडू लागते, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याची मुख्य रचना पुरी होते. पुष्कळ स्त्रियांस तोवर आपण गरोदर आहो ह्याची खात्रीही झालेली नसते. मग सातव्या महिन्यात तिने ग्रहण पाळले काय आणि न पाळले काय! 22 जुलै 2009 रोजी सकाळी खग्रास ग्रहणाची छाया सुरतेवरून, सातपुड्याच्या ह्या पायथ्यावरून, इंदूर, भोपाळ व पाटणा ओलांडून थेट चीन देशात गेली. तिच्याखाली किती गर्भवती असतील ह्याची गणती कोण करील? त्या सर्वांची मुले काही रोगी निपजली नाहीत. उलट जेथे ग्रहणाचा विधिनिषेध कोणी मानीत नाही, तेथेही हजार जन्मांत सुमारे आठ-नऊ बालके असा विकार घेऊन येतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस फार विचारणीय वाटते. गर्भात फुप्फुसे श्वास घेत नाहीत, म्हणून हृदयापासून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांस जोडणारी एक नळी तेथे उघडी असते. जन्मानंतर ती बहुधा दोन-तीन दिवसांत मिटते; काहींची मिटत नाही. 1938 साली बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस ह्यांनी सात वर्षांच्या एका मुलीची अशी नळी बांधून टाकिली, आणि ती मुलगी जगली. म्हणजे आम्ही व आमचे वाचक, सारेच ती उघडी नळी घेऊन आईच्या उदरात वाढलो. आमची मिटली ती आमच्या पुण्याईने, असे म्हणावयास कोण धजेल?

तथापि एक आक्षेप टाळता येत नाही. गर्भारपणाच्या आरंभी आईस रुबेलाचा ताप आला, मधुमेह आवाक्याबाहेर गेला, किंवा विवाह अगदी जवळच्या नात्यात झाला, तर हा धोका वाढतो. बहुतेक बालकांत मात्र एकच असे कारण दाखविता येत नाही. जिला ठाऊक नव्हते, जिला निवड नव्हती, तिला अपराधी म्हणणे आम्हांस अन्याय वाटतो. परंतु महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून टोचण्यात आली. अफवा ऐकून ज्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवशी मुलींस घरी ठेविले, त्यांस निर्दोष म्हणावयास आमची जीभ कचरते.

दोष शोधण्यात दिवस जातात, आणि बाळापाशी दिवस मोजके असतात. दूध ओढताना त्याच्या कपाळास घाम येतो, ते दमून थांबते, भराभर श्वास घेते. कोणाचे ओठ व जीभ निळी पडते. आमच्या भागात असे बालक कुपोषित म्हणून सहज खपते, आणि खाऊ घालूनही अंग धरीत नाही. छिद्र मोठे असले, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या हळूहळू कठीण होतात, आणि मग छिद्र बुजविण्याची वेळ निघून जाते.

2013 च्या फेब्रुवारीत पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. शस्त्रक्रियेचा खर्चही सरकारी योजनांतून होऊ शकतो. पण पथक फार तर पुढच्या तपासणीचा कागद हाती देते. तो कागद घेऊन मुंबईस जावयाचे म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी बुडणे, धाकट्या-थोरल्यांस कोणाच्या तरी हवाली करणे. ज्या शेजारणींनी तिचा दोष एका संध्याकाळी ठरविला, त्यांपैकी तिच्या बकऱ्यांस तितके दिवस पाला कोण घालणार, हे अद्याप कोणी बोललेले नाही.