विहिरीतले पाणी कोणाचे?



गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आपल्यातलेच एक शेतकरी गृहस्थ आमच्यासाठी थांबले. वय साठीच्या पुढे. म्हणाले, "फादर, विहीर माझी, जमीन माझी, पंपाचं बिल मीच भरतो. मग टँकरला पाणी विकलं तर त्यात पाप कसलं?"

मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती. केळीच्या उत्पन्नातून ती निघत नाही; टँकरवाला रोख देतो. पण शेजारच्या वाडीतील विधवा बाईने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. तिच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले होते, मोगरा करपत चालला होता. त्यांना झोप लागत नव्हती ती त्यामुळे.

आम्ही त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. खरे म्हणजे देता आले नाही.

कायद्याला विचारले तर त्यांची बाजू बरीच भक्कम आहे. १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूगर्भातले पाणी उपसण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राने पुढे भूजलाचा नवा कायदा करून या हक्काला काही मर्यादा घातल्या, पण आपल्या मनात अजून तो जुनाच कायदा आहे: माझ्या कुंपणातले ते माझे.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात मालकीच्या प्रश्नाची फार बारकाईने उकल केली. वस्तू मिळवणे, सांभाळणे आणि तिचे वाटप करणे, इथवर खासगी मालकी त्यांना मान्य आहे. नव्हे, ती गरजेची आहे. कारण जे काम सर्वांचे ते प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. (आपल्या गल्लीतील गटार पाहिले की हे पटते.) परंतु वापराच्या बाबतीत माणसाने वस्तू केवळ आपली समजू नये, गरजवंताला ती सहज द्यावी, असे ते सांगतात. सेमिनरीत हा धडा आम्हांला सोपा वाटला होता. परीक्षेच्या पेपरात विहीर नव्हती.

कारण इथे गरजवंत कोण? टँकरचे पाणी जाते ते नालासोपारा-विरारच्या इमारतींत आणि चाळींत. तिथेही आई रात्री दोन वाजता उठून हंडे भरते. ती माणसे हौसेने इथे आली नाहीत; मुंबईत घर परवडेना म्हणून आली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले आहे. त्या हक्कापुढे आमच्या केळीच्या बागा मोठ्या कशा?

इथे जमिनीखाली काय घडते ते पाहायला हवे. समुद्रकाठच्या मातीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा की, समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या जोरावर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. वरचे पाणी थोडे उतरले की खालचे खारे पाणी भराभर वर सरकते. त्याला कुंपण कळत नाही. म्हणजे त्या गृहस्थांनी विकलेल्या प्रत्येक टँकरमध्ये शेजारणीचे पाणीही होते, आणि तिला कोणी विचारले नव्हते, पैसेही दिले नव्हते. जे आपले नाही ते विकून केलेली मदत ही मदत नव्हे, मग घेणारा कितीही तहानलेला असो. आम्हांला वाटते, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

हा लढा आपल्याला नवा नाही. २०२४ साली आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांनी याच पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरून अंगावर वैर घेतले. 'आमचे पाणी ओरबाडू नका' असे आपण तेव्हा म्हटले, आणि ते रास्तच होते.

पण आज आपल्या घरी नळाला पाणी येते ते कुठून? सूर्या नदीवरील धामणी धरणातून. ते धरण मुख्यतः डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील आदिवासींच्या शेतीच्या सिंचनासाठी योजले गेले होते. त्यासाठी त्यांचीच गावे उठली. पुढे पाणी शहरांकडे वळले. प्रादेशिक योजनेतील दररोजच्या ४०३ दशलक्ष लिटर पाण्यापैकी वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटर आहे, उरलेला मीरा-भाईंदरचा. आदिवासी संघटनांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे शब्दाशब्दाने आपल्यासारखेच होते. आपल्यापैकी किती जण त्यांच्यासोबत उभे राहिले? आम्ही नव्हतो.

विकासाला आमचा विरोध नाही. नळ यावा, मुलगा इंजिनिअर व्हावा. पण आपले पाणी गेले की तो अन्याय आणि दुसऱ्याचे पाणी आले की ती योजना, असे दोन तराजू आपण वापरतो. टँकर विकणाऱ्या त्या गृहस्थांनी निदान प्रश्न तरी विचारला. आपण नळ उघडताना तोही विचारत नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही त्यांच्या वाडीत गेलो आणि वर लिहिले ते सारे बोललो. त्यांनी ऐकून घेतले. फीचा दुसरा हप्ता पतपेढीच्या कर्जातून भरायचा आणि पंप बंद ठेवायचा, असे घरात ठरत होते. बायकोला ते फारसे पसंत नव्हते, आणि तिचेही चूक नव्हते. निघताना त्यांनी विचारले, "फादर, चर्चच्या मागचं बावखल कुठं गेलं?"

ते आम्हीच बुजवले. पार्किंग अपुरे पडते म्हणून आमच्याच कारकिर्दीत त्यात भराव टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले. पावसाचे जे पाणी तिथे मुरत असे ते आता थेट गटाराला जाते. मागच्या बाजूचे ब्लॉक काढून बावखल पुन्हा खणण्याचा विषय येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पॅरिश कौन्सिलपुढे ठेवत आहोत. सुमारे वीस गाड्यांची जागा जाईल. ज्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहतात त्यांनी बैठकीस अवश्य यावे.