पैशुन्य : खऱ्या बोलण्यातला डूख

दुसऱ्याचं उणं तिसऱ्याच्या कानाशी नेऊन ठेवणं, म्हणजे पैशुन्य. रोजच्या मराठीत आपण चहाडी म्हणतो, कान भरणं म्हणतो.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत अहिंसा, सत्य यांच्या जोडीला ‘अपैशुन’ येतं. सत्य सांगून झाल्यावर हा वेगळा गुण कशासाठी? शंकराचार्यांच्या भाष्यात उत्तर सापडतं. परक्याचं छिद्र दुसऱ्यापुढे उघडं करणं म्हणजे पैशुन्य, असा अर्थ ते देतात. ते छिद्र खोटं असलं पाहिजे, अशी अट त्यांनी घातलेली नाही. मनुस्मृतीही वाणीच्या चार पापांत असत्य आणि पैशुन्य वेगवेगळी मोजते. जैन परंपरेच्या अठरा पापस्थानांत खोटा आळ घेणं हे ‘अभ्याख्यान’ आणि चहाडी हे ‘पैशुन्य’, अशी दोन स्वतंत्र नावं आहेत.

पंचतंत्रातला दमनक कोल्हा या दुर्गुणाचा नमुनाच. पिंगलक सिंहाला तो संजीवक बैलाविषयी सांगतो, बैलाला सिंहाविषयी. स्वतः कुणावर पंजा उगारत नाही. तरी संजीवक मरतो आणि पिंगलक मित्राला मुकतो.

मग अन्यायाची तक्रारही पापच का? नाही. तक्रार करणारा उपाय करू शकणाऱ्याकडे जातो आणि आपल्या शब्दांची जबाबदारी घेतो. चहाडखोराला उपाय नको असतो; त्याला दोघांत अंतर पडलेलं पाहायचं असतं. म्हणून इथे शब्दांच्या खरेपणाइतकाच बोलणाऱ्याचा हेतूही तपासावा लागतो, आणि तो तपास त्याने स्वतःच, तोंड उघडण्याआधी करायचा असतो.