हस्तलिखिताला वाचक हवा

कादंबरी लिहितेय म्हटलं की लोक विचारतात, "झाली का पूर्ण?" कशावर लिहितेस, त्यात माणसं कोण आहेत, हे क्वचितच कुणी विचारतं. दोन-तीन वर्षं गेली की 'झाली का' हेही विचारायचं बंद होतं.

मी पनवेलला राहते, नोकरीला फोर्टात जाते. लोकल इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि सीएसएमटीपर्यंत सव्वा तास हाताशी राहतो. बहुतेक प्रकरणं मी लेडीज डब्यातच लिहिली. घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं यांतून सलग अर्धा तास मिळणंही कठीण.

कादंबरीचा विषय नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठलेली गावं. उलव्याचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावांतली माणसं नव्या वसाहतींत गेली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचं उद्घाटनही झालं. मी ज्या जागेवर लिहीत होते ती जागाच लिहिता लिहिता नाहीशी होत गेली. शेत, बांध, वडाखालचा पार हे सगळं आता फक्त लोकांच्या बोलण्यात सापडतं. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचे. एखादी बाई लग्नातली धवलं म्हणता म्हणता जुन्या घराच्या ओटीपाशी येऊन थांबायची, आणि मला पुढच्या प्रकरणाची दिशा मिळायची. असं प्रकरण साधलं की आठवडाभर अंगात बळ असतं. मग एका सकाळी तेच प्रकरण पुन्हा वाचताना निर्जीव वाटतं, आणि सगळं बाड माळ्यावर टाकून द्यावंसं वाटतं. हे चढउतार मात्र सोसता येतात. ते लिहिण्यातलेच आहेत.

सोसत नाही ती शांतता. हस्तलिखित पाठवायचं आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. होकार नाही, नकार नाही. एका ठिकाणाहून उत्तर आलं, तेही छपाईचा खर्च तुम्ही करणार का, एवढंच विचारणारं. कादंबरी वाचल्याची खूण त्यात कुठेच नव्हती. प्रकाशकांची अडचण मला कळते. नवख्या लेखकाच्या काहीशे प्रती खपवतानाही त्यांची दमछाक होते. तरीही 'साभार परत'च्या काळाचा मला हेवा वाटतो. 'सत्यकथा' आणि मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक हस्तलिखित बारकाईने वाचत, लेखकाशी पत्रव्यवहार करत, पुन्हा लिहायला लावत. त्यांच्या आवडीनिवडींवर पुष्कळ टीका झाली, लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळीसुद्धा केली. त्या टीकेत तथ्य होतं. पण होळी करावी इतकं महत्त्व एका मासिकाच्या संपादनाला होतं, हेही त्यातून दिसतं.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः दिली. म्हणजे कादंबरी पुरी होण्याआधीच तिला वाचक होते. श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरी करत आणि लिहीत दापोलीकडच्या माणसांविषयी. त्यांची पहिली कादंबरी 'एल्गार' 1949 साली आली, तेव्हा ते छत्तिशीत होते. नोकरी करून लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. उशीर झाला असं वाटू लागलं की मी तरी ठेवते.

मला वाचक मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. गावातल्याच एका निवृत्त शिक्षिकेने बाड मागून नेलं आणि समासात पेन्सिलीने खुणा करून परत दिलं. एका पानावर लिहिलं होतं, "ही सून तीन प्रकरणं गप्प आहे. का?" त्या एका प्रश्नावर मी कादंबरीचा मधला भाग नव्याने लिहिला. उठलेल्या गावातल्या एका आजोबांना गाव सोडण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दाराची चौकट काढून नेली आम्ही. ती लिव." आता ती चौकट कादंबरीत आहे. छापील पुस्तक हातात येण्याचा आनंद मला अजून ठाऊक नाही, पण तो याहून मोठा असेल असं वाटत नाही.

साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यातून पहिलं पुस्तक छापायला मदत होते. तिचा लाभ नव्या लेखकांनी जरूर घ्यावा. पण अनुदानाने छपाई होते, हस्तलिखित कुणी मनापासून वाचून त्यातलं कच्चं काय ते सांगत नाही. आपल्याकडे पुस्तक प्रकाशनाचे समारंभ गावोगाव होतात, शाली-श्रीफळं दिली जातात. अपुऱ्या कादंबरीचं वाचन मात्र कुठल्या वाचनालयात ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. तालुक्याच्या वाचनालयाला ते अवघड नाही. महिन्यातली एक संध्याकाळ, पाच-सहा सतरंज्या आणि खरं बोलणारी दहा माणसं एवढं पुरे.

तुमच्या घरात, कचेरीत, शेजारी कुणी कादंबरी लिहीत असेल तर 'झाली का' विचारू नका. पहिली पन्नास पानं मागून घ्या, वाचा आणि कुठे कंटाळा आला ते त्यांना स्पष्ट सांगा.