न खुडलेले फूल



देवासाठी फूल खुडणे हे पुण्यकर्म, असे आम्ही सर्वजण लहानपणापासून मानीत आलो. पहाटे शेजाऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद न विचारता परडीत पडते, तीही देवाच्याच नावाने! गतवर्षी भाद्रपदात आम्ही कासच्या पठारावर गेलो आणि या समजुतीला धक्का बसला.

साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवरील हे पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गणले गेले. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर. पण पाऊस ओसरू लागला की गुलाबी तेरडा, जांभळी सीतेची आसवे, पांढऱ्या तुऱ्यांची आमरी यांनी तो झाकून जातो. आमच्यातील एका भगिनीने गौरीसाठी तेरड्याला हात घातला. तेरड्याची गौर ही आपली जुनी रीत, हेतू निर्मळ. रखवालदाराने तिला नम्रपणे थांबविले. आम्हांस रागच आला. देवाचे फूल देवाला वाहू नये काय?

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्तीने दिलेले पान, फूल, फळ, पाणी स्वीकारतात. परंतु जे द्यावयाचे ते आपले असावे लागते. त्या पठारावर आम्ही काय पेरले होते? आमरीचे बी धुळीसारखे बारीक. अंकुरापुरताही शिधा त्यात नसतो. मातीतील बुरशीने अन्न पुरविले तरच ते रुजते. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. तिचे फूल खुडणे म्हणजे सात वर्षांच्या तपाचे फळ हिरावणे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण हिणवितो; त्या थोडक्या दिवसांतच त्याला पुढील वर्षाचे बी धरावयाचे असते.

सावता माळ्यांना विठ्ठल भेटला तो स्वतःच्या कष्टाने राखलेल्या मळ्यात. आणि मानसपूजेची वाट तर आपल्या परंपरेने मोकळीच ठेवली आहे. देठावर डुलणारे फूल मनाने वाहिले, तर पूजेत काही उणे राहते असे आम्हांस वाटत नाही.

मग गौरीचे काय? कतारगामची पापडी प्रसिद्ध; तिची शेते गेली, गच्च्या मात्र आहेत. ज्येष्ठाच्या अखेरीस कुंडीत बागेतल्या तेरड्याचे बी टाकले की भाद्रपदात फुले मिळतात. बोंड पिकले की स्पर्शानेच फुटते, म्हणून बी किंचित आधी धरावे. त्याच भगिनीने आपल्या गच्चीवरील बियांच्या पुड्या बांधून मंदिरात ठेवल्या आहेत. सोमवारच्या आरतीनंतर ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात.