सटवाईचा लेख आणि शहराची नोंदवही

बाळाचे मरण हा विधिलेख मानावा की समाजाचा दोष, हा प्रश्न महाराष्ट्रातील लोकधर्माच्या मुळाशी जातो. वडगाव निंबाळकरसारख्या बारामती परिसरातील गावांत पाचवी-सहावीच्या रात्री पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी मांडून सटवाईची, म्हणजे नवजाताच्या कपाळी भविष्य लिहिणाऱ्या देवतेची, पूजा करण्याची रीत आहे. याच सुमारास, साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, अस्वच्छ हत्याराने कापलेल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात बाळाचा जबडा आवळून धरत असे, आणि त्यामुळे रोगाची वेळ हीच देवतेच्या निवाड्याची वेळ वाटणे स्वाभाविक होते. त्या मातांच्या भीतीला अज्ञान म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल.

मुंबईत 1921 साली नोंदलेल्या दर 1000 जन्मांमागे 600हून अधिक अर्भके दगावली. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गावी जात असल्याने शहरात जन्म कमी नोंदले जात आणि हा आकडा फुगत असे, हे खरे. तरीही एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील मृत्यूचे प्रमाण अनेक खोल्यांच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त होते. सटवाईची लेखणी खोल्या मोजून चालते, असे कोणताही श्रद्धावान म्हणणार नाही. गिरणीत जाताना आई बाळाला अफूची बाळगोळी देई, ती मजुरी बुडू नये म्हणून. प्रसूतिकाळात मजूर स्त्रीला भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात 1929 साली झाला.